आकडे आपले, रेघा उसन्या

प्रकल्प-अहवालांचा हंगाम आला की आम्हा अध्यापकांच्या टेबलावर अहवालांची चळत उभी राहते. खरे सांगायचे तर अहवाल हाती आल्यावर प्रस्तावना कोणीच आधी वाचत नाही. पाने चाळली जातात ती चित्रांसाठी. आलेख स्वच्छ असेल तर वाचणाऱ्याचे मन अनुकूल होते. तो पुसट, गिचमिड, अक्षांवर एककांचा पत्ता नसलेला असेल, तर आतला मजकूर कितीही चांगला असो, परीक्षकाच्या कपाळावर आठी पडायची ती पडतेच. आपण चित्राला शोभेची वस्तू समजतो. वस्तुतः शास्त्रीय लेखनात पुष्कळदा चित्र हाच मुख्य युक्तिवाद असतो आणि मजकूर त्याचे स्पष्टीकरण.

या चित्रांबाबत आमच्या विभागात गेली काही वर्षे एक वाद चालू आहे. गणित एका संगणकभाषेत केले आणि त्याचा आलेख मात्र दुसऱ्याच भाषेतील तयार लायब्ररी वापरून काढला, तर ते योग्य की अयोग्य? वाद ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु मी एके काळी 'अयोग्य' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा होतो आणि त्या मतापायी मी आमच्या एका विद्यार्थिनीचे तीन आठवडे फुकट घालवले. ती चूक कबूल करावी, आणि तिच्यातून जे शिकलो ते विद्यार्थ्यांपुढे व सहकाऱ्यांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

गोष्ट २०२२ सालची. आमची ही विद्यार्थिनी बेळगाव जिल्ह्याच्या पावसावर काम करीत होती. भारतीय हवामान विभागाने १९०१ सालापासूनच्या दैनंदिन पावसाचे आकडे चौकोनवार तयार करून सर्वांना उपलब्ध करून दिले आहेत. प्रत्येक चौकोन पाव अंश अक्षांश आणि पाव अंश रेखांशाचा, म्हणजे बाजू सुमारे सत्तावीस किलोमीटरची. आपला जिल्हा अशा अठरा-वीस चौकोनांत मावतो. एकशेवीस वर्षे आणि दर वर्षी ३६५ दिवस, म्हणजे प्रत्येक चौकोनाचे जवळजवळ चव्वेचाळीस हजार आकडे. पाऊस खरोखर वाढला की घटला, की आपल्याला दिसतो तो निव्वळ योगायोग, हे तपासण्यासाठी तिने तेच आकडे पुनःपुन्हा पिसून हजारो वेळा हिशेब केला होता. या फेऱ्या साध्या पायथनमध्ये फार संथ चालतात म्हणून तिने ज्यूलिया ही भाषा घेतली. ही भाषा २०१२ साली जगापुढे आली. तिच्या चार जनकांपैकी एक, विरल शहा, भारतीय आहेत. वेगवान आकडेमोड हाच तिचा जन्महेतू. मुलीचा प्रोग्रॅम उत्तम होता. मी तो ओळ न् ओळ तपासला होता.

प्रश्न आला तो चित्रांचा. एका शोधपत्रिकेकडे लेख पाठवायचे ठरले होते आणि पत्रिकेच्या अटी कडक होत्या. तेव्हा ज्यूलियातील आलेखनाची साधने अजून बाळसे धरत होती. एक साधा आलेख पडद्यावर यायलाही पहिल्या खेपेस बराच वेळ थांबावे लागे. तिला हवी होती चार नकाशांची एक चौकट : चौघांना मिळून एकच रंगपट्टी, अक्ष सामाईक, कोपऱ्यात एक लहान नकाशा, आणि सर्व मिळून रुंदी काटेकोर मोजलेली. दोन दिवस झटून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, हे मी पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये करू का? ज्यूलियातूनच तिला हाक मारता येते."

मी म्हणालो, "अगं, गणित एका भाषेत आणि चित्र दुसऱ्या भाषेत, हे कसले ठिगळ? परीक्षक विचारतील, तर काय सांगशील? आपल्याच भाषेत कर. थोडे कष्ट पडतील, पण काम एकसंध होईल."

मुलगी आज्ञाधारक. तिने कष्ट केले. तीन आठवडे केले. रंगपट्टी जागेवर आली की अक्षांची अक्षरे सरकत, अक्षरे बसली की कोपऱ्यातला नकाशा रुसे. शेवटी पत्रिकेची मुदत चार दिवसांवर आली तेव्हा तिने मला न विचारता मॅटप्लॉटलिब घेतली आणि दीड दिवसात पाचही चित्रे पुरी करून माझ्यापुढे ठेवली. चित्रे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. घरी गेल्यावर मात्र तो राग कशाचा, हे मी स्वतःला विचारले, आणि समाधानकारक उत्तर मिळेना.

उत्तराऐवजी एक जुनी आठवण मिळाली. १९८७ साली मी स्वतः एम्.एस्सी.चा प्रबंध लिहिला तेव्हा त्यातला एकही आलेख माझ्या हातचा नव्हता. मी आलेख-कागदावर पेन्सिलीने ठिपके मांडून दिले आणि गावातल्या एका ड्राफ्ट्समनने ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने रेघा ओढल्या, स्टेन्सिलने अक्षरे काढली. दर चित्राला त्याने पैसे घेतले. परीक्षकांनी मला वक्राचा उतार विचारला, चुकीची मर्यादा विचारली, "ही रेघ कोणाच्या हातची?" असे मात्र विचारले नाही. त्या काळच्या छापखान्यांतही हीच रीत होती. मजकूर जुळारी जुळवी, पण चित्राचा ब्लॉक दुसरीकडून, ब्लॉकमेकरकडून करून येई. एकाच पानावर दोन कारागिरांचे काम असे आणि त्यात कोणालाही विटाळ वाटत नसे. मग ड्राफ्ट्समनची जागा मॅटप्लॉटलिबने घेतल्याबरोबर मला शुद्धतेची आठवण का व्हावी?

वाचकांपैकी ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे कोणीतरी आधी लिहून, तपासून ठेवलेल्या प्रोग्रॅमांचा संच. तो घ्यायचा आणि आपल्या कामाला जुंपायचा. मॅटप्लॉटलिब हा आलेख काढण्याचा असा संच आहे. जॉन हंटर या मज्जाजीवशास्त्रज्ञाने तो लिहायला घेतला आणि २००३ साली लोकांपुढे ठेवला. फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-संकेतांचा तो अभ्यास करीत होता. ते संकेत नीट पाहता यावेत एवढीच त्याची मूळ गरज होती. २०१२ साली तो अकाली वारला, परंतु त्याचे काम शेकडो हातांनी पुढे नेले. २००८ साली फीनिक्स यान मंगळावर उतरले तेव्हा त्याच्याकडून येणारी माहिती या लायब्ररीने रेखाटली जात होती. २०१९ साली एम् ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे पहिले चित्र जगाने पाहिले, त्या कामातही ती वापरली गेली. आणि ती फुकट आहे. लहान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचे अंदाजपत्रक ज्याने पाहिले आहे त्याला या शेवटच्या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता शुद्धतेचा विचार करू. हंटरने ही लायब्ररी कोऱ्या पाटीवर लिहिली का? नाही. मॅटलॅब या विकाऊ प्रणालीत ज्या सूचनांनी आलेख काढले जात, त्याच धर्तीच्या सूचना त्याने पायथनमध्ये आणल्या. मॅटलॅब तरी स्वयंभू होते का? तेही नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्लीव्ह मोलर या प्राध्यापकाने लिनपॅक आणि आइसपॅक या फोरट्रानमधील गणिती लायब्रऱ्या विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता वापरता याव्यात म्हणून ते तयार केले. म्हणजे तेही एका भाषेतले धन दुसरीकडे नेण्यासाठीच जन्मले. मॅटप्लॉटलिबच्या रेघांच्या कडा गुळगुळीत दिसतात त्या सी++ मध्ये लिहिलेल्या एका संचामुळे; तिची अक्षरे फ्रीटाइप नावाच्या तिसऱ्याच संचातून येतात. पायथनमध्ये समाकलन करणारा विद्यार्थी पडद्याआड पुष्कळदा जुन्या फोरट्रानच्याच विहिरीचे पाणी पीत असतो. ज्याला आपण पायथनचे घर म्हणतो ते घरच असे चार गावच्या विटांचे. मग त्या घरातून ज्यूलियाने एक भांडे मागून आणले तर आकाश कोसळत नाही.

आपल्या गावच्या माणसाला हे सांगण्याची खरे म्हणजे गरजच नसावी. आपण सुपारी कातरतो तो अडकित्ता कन्नडचा, अण्णा आणि अक्का कन्नडचे. पाव, बटाटा, चावी आणि महिन्याचा पगार पोर्तुगीजांचा. हा लेख ज्यावर छापला आहे तो कागद फारसीचा. ही यादी वाचताना मराठी उणी झाली असे कोणाच्या मनात येत नाही. भाषा उसनवारीने नव्हे, तर न समजता बोलल्याने बिघडते. या वाक्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण माझ्या जुन्या मतात जो थोडा सत्याचा अंश होता तो नेमका इथे आहे.

'छापण्याजोगे चित्र' म्हणजे तरी काय, याची आपल्या विद्यार्थ्यांना फारशी कल्पना नसते. दोष त्यांचा नाही. आम्ही ते कधी शिकवलेच नाही. भौतिकशास्त्राच्या पत्रिकांत एका स्तंभाची रुंदी साधारण ८६ मिलिमीटर असते, म्हणजे बोटांच्या दीड वितीचा तर सोडाच, अर्ध्या वितीचाही फारसा पुढे न जाणारा मामला. विद्यार्थी पडद्यावर सोळा सेंटिमीटर रुंदीचे चित्र काढतो, त्यात दहा पॉइंटची अक्षरे घालतो आणि छापताना ते ८६ मिलिमीटरवर आणतो. अक्षरे उरतात साडेपाच पॉइंटहूनही लहान, औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरासारखी. दुसरा प्रकार पडद्याचा फोटो चिकटवण्याचा. पडद्यावरचे सहाशे ठिपके रुंदीचे चित्र त्या स्तंभात बसवले की इंचाला पावणेदोनशे-एकशेऐंशीच्या घरात ठिपके पडतात. पत्रिका फोटोसाठीही तीनशे मागतात आणि रेघांच्या चित्राला सहाशे ते बाराशे. म्हणून रेघांचे चित्र ठिपक्यांत साठवूच नये. पीडीएफ किंवा एसव्हीजी अशा स्वरूपात, जिथे रेघ ही रेघ म्हणूनच नोंदली जाते, तसे साठवावे. ते कितीही मोठे करा, फाटत नाही.

रंगांचेही तसेच. निळ्यापासून लाल रंगापर्यंत इंद्रधनुष्य दाखवणारी रंगपट्टी वर्षानुवर्षे सर्वत्र चालली. तिच्यातला पिवळा पट्टा डोळ्यांत भरतो आणि आकड्यांत नसलेली सीमारेषा नकाशात उभी करतो; काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दोन्ही सारखेच काळे दिसतात. लाल-हिरव्यातला फरक न ओळखणारा वाचक वेगळाच. २०१५ साली दोघा पायथनकारांनी यावर उपाय म्हणून व्हिरिडिस ही रंगपट्टी तयार केली. तिची उजळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या पावलांनी चढते. २०१७ साली मॅटप्लॉटलिबने तीच आपली नेहमीची पट्टी केली. वीस वर्षे ज्या साधनावर हजारो लोकांनी चित्रे काढून, चुका पाहून, भांडून सुधारणा केल्या, त्याच्या मागे असे शहाणपण साठलेले असते. नव्या भाषेत ते एका रात्रीत येत नाही. आमच्या विद्यार्थिनीने दीड दिवसात जे केले ते या साठलेल्या शहाणपणाच्या बळावर.

आणि तांत्रिक दृष्ट्या ते ठिगळही नव्हते. स्टीव्हन जॉन्सन या प्राध्यापकाने ज्यूलियासाठी पायकॉल व पायप्लॉट असे दोन संच लिहिले आहेत. पायकॉल पायथनचा संपूर्ण दुभाषी ज्यूलियाच्याच प्रक्रियेत आणून बसवतो. आकड्यांचा मोठा तक्ता एका भाषेकडून दुसरीकडे नेताना त्याची नक्कलसुद्धा होत नाही. तीच जागा दोघेही वाचतात. याच जातीचे पूल इतरत्रही आहेत. आर् भाषेतील जीजीप्लॉट-टू हा हॅडली विकहॅमचा संच, लेलंड विल्किन्सन यांच्या 'आलेखांच्या व्याकरणा'वर उभारलेला, अनेक पायथनवाले मुद्दाम आर्-मध्ये शिरून वापरतात. उलट आर्-वाले रेटिक्युलेट या पुलावरून पायथनमध्ये येतात. शेजाऱ्यांमध्ये दार असावे तसे हे.

परंतु शेजारी जेवायला गेले की त्या घरची रीत पाळावी लागते. आमची फजिती इथेच झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

पत्रिकेकडे चित्रे पाठवण्याच्या आदल्या दिवशी विभागात चर्चासत्र होते. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा झळकत होता. गर्द रंग कमी पावसाचा, उजळ रंग जास्तीचा. आम्ही पाच पदवीधर मंडळी रंगपट्टीचे कौतुक करीत होतो. प्रयोगशाळेतले आमचे मदतनीस खानापूरकडचे. चहा घेऊन आले, क्षणभर पडद्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्या खानापुरात एवढाच पाऊस होय? आणि निपाणीकडं हे धो धो? कायतरी चुकलंय की."

चुकले होतेच. नकाशा उलटा होता! उत्तरेचा पाऊस दक्षिणेला आणि दक्षिणेचा उत्तरेला. हवामान विभागाच्या तक्त्यात पहिली ओळ सर्वांत दक्षिणेकडील अक्षांशाची असते. मॅटप्लॉटलिबची चित्र मांडणारी सूचना, वेगळे न सांगितल्यास, पहिली ओळ वरच्या बाजूस ठेवते. अक्षांशाचे आकडे अक्षावर बरोबर होते, गावांची नावे बरोबर होती, फक्त पाऊस उलटला होता. कणकुंबीच्या बाजूचा, मलप्रभेच्या उगमाकडचा पाऊस जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जाऊन पडत होता. एका शब्दाची दुरुस्ती होती. पण तो शब्द राहिला असता तर सुबक, रंगशुद्ध, उत्तम छापलेले असत्य आमच्या नावावर कायमचे जमा झाले असते.

माझ्या जुन्या मतातला सत्यांश तो हा. उसने साधन घेताना त्याचे गृहीतकही उसने येते आणि ते बोलून दाखवत नाही. ज्यूलियात मोजणी एकपासून सुरू होते, पायथनमध्ये शून्यापासून. ज्यूलिया तक्ता स्तंभाने साठवते, पायथनची नेहमीची रीत ओळीने साठवण्याची. दोन भाषांच्या सांध्यावर या गोष्टी दबा धरून बसलेल्या असतात. मात्र यावरून "उसने घेऊ नका" असा निष्कर्ष काढणे म्हणजे दार आहे म्हणून चोर येईल या भीतीने भिंत बांधण्यासारखे आहे. खरा निष्कर्ष असा की, चित्र हातात आल्यावर ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा एक प्रश्न त्याला विचारावा. खानापुरात पाऊस जास्त, अथणीकडे कमी, हे या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. आम्ही तेवढे पाहिले नाही. ज्यांनी पाहिले त्यांच्याजवळ पदवी नव्हती, पण त्यांना पावसाची ओळख होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन भाषा म्हणजे दोन घरे सांभाळणे. दोन्हींच्या आवृत्त्या बदलतात. आज चाललेला प्रोग्रॅम तीन वर्षांनी चालेलच असे नाही, आणि परीक्षकाने "हे चित्र पुन्हा काढून दाखवा" म्हटले तर पंचाईत. हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर माझा उपाय साधा आहे. आकडे आणि आकृती यांच्यामध्ये एक उंबरठा ठेवा. गणिताचा प्रोग्रॅम अंतिम आकडे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून थांबेल. चित्राचा प्रोग्रॅम ती फाइल वाचून चित्र काढेल, स्वतः काहीही गणित करणार नाही. मग उद्या मॅटप्लॉटलिब बदलली, तिच्याहून चांगले काही आले, तरी आकडे शाबूत राहतात. शिवाय दोन्हीकडच्या आवृत्त्यांचे क्रमांक अहवालाच्या शेवटी लिहून ठेवावेत. ज्याचे साधन घेतले त्याचे नावही लिहावे. हंटरने २००७ साली आपल्या लायब्ररीवर एक शोधलेख प्रसिद्ध केला आहे. त्याचा उल्लेख करायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ आमच्या अहवालांत क्वचितच सापडते. उसने घेणे हा दोष नव्हे. उसने घेऊन गप्प बसणे हा दोष.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, तक्रार आहे, आणि ती या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांची मिळून आहे. लेख पुरा झाल्यावर त्या मुलीच्या मनात आले की हाच नकाशा आपल्या अंकासाठी मराठीत आणि कन्नडमध्येही करावा. ती घरी कन्नड बोलते, मैत्रिणींशी मराठी. तिने गावांची नावे देवनागरीत घातली आणि 'निपाणी'ची वेलांटी 'न'ला सोडून 'प'च्या डोक्यावर जाऊन बसली. 'रामदुर्ग'चा रफार खाली उतरून पाय मोडक्या 'र'च्या रूपात उभा राहिला. कन्नडमध्ये 'चिक्कोडी' लिहिताना जो दुसरा 'क' पहिल्याच्या पायाशी जायला हवा, तो शेजारीच बसून राहिला. कारण असे की, मॅटप्लॉटलिबची अक्षरे मांडण्याची नेहमीची यंत्रणा अनेक वर्षे अक्षरे एकापुढे एक ठेवत आली. अक्षरांनी एकमेकांत मिसळावे, जागा बदलावी हा आपल्या लिप्यांचा धर्म तिला ठाऊकच नव्हता. इंग्रजी 'ए' आणि 'बी' एकमेकांना कधी भेटत नाहीत. आपली अक्षरे मात्र एकमेकांच्या घरी राहायलाच जातात.

त्यावरचा उपायही अखेर तिसऱ्या घरातून आला. मॅटप्लॉटलिबला अक्षरांचे काम झीलाटेककडे सोपवता येते. झीलाटेक ही डोनाल्ड नूथ यांच्या टेकची वंशज, आणि ती हार्फबझ या संचाच्या साहाय्याने देवनागरी व कन्नड दोन्ही बिनचूक जुळवते. अशा रीतीने तो नकाशा पुरा झाला. आकडेमोड ज्यूलियाची, रेघा पायथनच्या, अक्षरे टेकची, आणि वाचायचे मराठीत व कन्नडात. 'एकसंध काम कर' म्हणून मी ज्या मुलीला बजावले होते, तिने जे केले त्याहून एकसंध चित्र मी आमच्या विभागात पाहिलेले नाही.

आता कोणी म्हणेल, २०२२ ची गोष्ट जुनी झाली. ते खरे आहे. २०२३ च्या मे महिन्यात ज्यूलियाची १.९ ही आवृत्ती आली आणि पहिल्या आलेखासाठी ताटकळणे पुष्कळ कमी झाले. माकी हा ज्यूलियाचा स्वतःचा आलेखन-संच आता चांगला वयात आला आहे आणि त्यातून छापण्याजोगी चित्रे निघतात. आज एखादा विद्यार्थी सर्व काम ज्यूलियातच करू म्हणाला तर मी आनंदाने हो म्हणेन. पण ते साधन पिकले आहे म्हणून. 'आपले' आहे म्हणून नव्हे. आणि एखादीने पुन्हा मॅटप्लॉटलिबकडे जायचे म्हटले तर तिलाही अडवणार नाही. साधनाची निवड ही निष्ठेची परीक्षा नव्हे. तरुण साधन सुधारावे अशी ज्याला तळमळ आहे त्याने त्यात जरूर हात घालावा, चुका कळवाव्यात, दुरुस्त्या लिहाव्यात. परंतु मुदत चार दिवसांवर आलेल्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर ते ओझे ठेवू नये.

सहकारी अध्यापकांना माझी एक विनंती आहे. तोंडी परीक्षेत "हे कोणत्या भाषेत काढले?" हा प्रश्न आपण फार आवडीने विचारतो, कारण त्याचे उत्तर समजायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. त्याऐवजी विचारावे : हा अक्ष घातांकी का घेतला? ठिपक्यांवरच्या या उभ्या दांड्या प्रमाण विचलन दाखवतात की सरासरीची प्रमाण चूक? स्तंभालेखाचे गट दहाच का, वीस केले तर आकार बदलतो का? रंगपट्टी शून्यापासून का सुरू होत नाही? ज्याला ही उत्तरे देता येतात त्याचे चित्र त्याचेच आहे, रेघा कोणाच्याही असोत. ज्याला देता येत नाहीत त्याने सगळे एकाच भाषेत, स्वतःच्या हाताने लिहिलेले असले तरी ते चित्र त्याचे नव्हे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. चित्र अहवालाच्या शेवटच्या रात्री काढू नका. छापायच्या मापातच काढा, कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचून पाहा, एक झेरॉक्स काढून पाहा. ज्या घरून साधन आणाल त्या घरची रीत विचारून घ्या आणि घरधन्याचे नाव सांगा. आणि सर्वांत शेवटी, ज्याला संगणकाचे काही कळत नाही पण ज्याला तुमच्या विषयाची माती ठाऊक आहे अशा एका माणसाला ते चित्र दाखवा.

आमच्या विभागात आता तो नियमच झाला आहे. नकाशा तयार झाला की आम्ही आमच्या खानापूरच्या मदतनिसांना हाक मारतो. ते चष्मा पुसतात, आधी खानापूर शोधतात, मग मान हलवतात. त्यानंतरच आम्ही तो पत्रिकेकडे पाठवतो.

— विज्ञान शाखेतील एक अध्यापक